अर्धं तळ्याचं

चोचीच्या मुळाशी कुंकवाचा ठिपका असायला हवा, तिथे नुसता मळकट नारिंगी डाग होता. भज्यांच्या कागदावर तेल पसरावं तसा, कडा नसलेला. अनंता भोईरने दुर्बीण खाली घेतली, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली, पुन्हा डोळ्याला लावली. डाग तसाच होता. दुर्बिणीची डावी काच आतून बुरसटलेली, चोरबाजारात घेतली तेव्हापासूनच. म्हणून तो उजव्या डोळ्यानेच बघायचा, आणि त्या डोळ्यावर त्याचा भरवसा होता. बावीस वर्षं तो भिवंडीतल्या एका कारखान्यात लूमवरून उतरलेलं कापड तपासत होता. तिरप्या काचेवरून तागा पुढे सरकतो, काचेखाली दिवा, हातात तांबडी पेन्सिल... तुटकी तार, तेलाचा डाग, विरळ पडलेला पट्टा. चांगलं कापड त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. ते नजरेखालून निघून जातं. नजर अडते ती खोट असलेल्या कापडावर.

आणि या बदकावर त्याची नजर ऑक्टोबरपासून अडली होती.

भिवंडीहून कोनकडे येताना उजव्या हाताला हे तळं. तळ्यावर हळदीकुंकू बदकं चौदा—काळ्या चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी दोन्ही अंगांनी कुंकू, अंगावर खवले मोजून आखल्यासारखे, सगळी अशी की एक पाहिलं की चौदा पाहिली. पंधरावं हे. डोक्यावर हिरवट झाक, पण हिरवं म्हणावं इतकी नाही. छातीला कत्थई रंग, धुतल्यावर उतरलेल्या साडीसारखा. चोच ना काळी, ना पिवळी. ते चौदांच्या बरोबर पोहायचं, त्यांच्या बरोबर उडायचं, आणि प्रत्येक वेळी त्याला पाहिलं की अनंता बाजूला थुंकायचा. तळ्याच्या पलीकडच्या काठाला रंगखान्याचा नाला सुटलेला होता. तिथलं पाणी कधी जांभळं, कधी गुलाबी, त्यावर फेसाचे गठ्ठे, आणि बाकीची बदकं तिकडे फिरकत नसताना हे मात्र खुशाल त्या फेसात चोच घालायचं. घाण, तो मनात म्हणायचा. आणि तरी दर रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन इथे यायचाच.

आज मुंबईहून साहेब यायचे होते.

पत्र त्याने नोव्हेंबरात लिहिलं होतं. पक्ष्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले ते गृहस्थ. त्यांचा पत्ता त्याने वाचनालयातल्या एका मासिकातून उतरवून घेतला होता. ‘आजवर कोणी नोंदवलं नसावं असं एक बदक आमच्या तळ्यावर आहे,’ असं लिहून त्याने सोबत एक चित्र पाठवलं. मधे लढाई आली, खिडक्यांना काळे कागद लागले, त्याला वाटलं पत्र गेलं कुठेतरी. पण लढाई संपून नवं साल लागल्यावर कार्ड आलं. मी येतो, पक्षी हातात घेऊन पाहावा लागेल, धरणाऱ्या माणसाची सोय करून ठेवावी. ते कार्ड कमळाने, त्याच्या बायकोने, देवापुढे ठेवलं होतं. त्याला ते आवडलंही आणि कसंसंही झालं.

चित्र त्याने शाळेच्या मुलांच्या रंगपेटीतले रंग आणून दोन रविवार बसून काढलं होतं. हिरवट झाक, कत्थई छाती, कडा नसलेला डाग, सगळं जसंच्या तसं. फक्त शेपटीवर, बुडाशी, दोन काळी पिसं होती, मिशीच्या टोकासारखी वर वळलेली. ती त्याने काढली नाहीत.

का काढली नाहीत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं. पण हे वाचनालयातल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. हळदीकुंकू बदकाच्या शेपटीला असं वळण नसतं. ते असतं घरच्या बदकांच्या नराला. वळण दाखवलं असतं तर साहेबांनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. वळण नसलं तर... तर छापील पानावर, बारीक अक्षरांत का होईना, ‘अ. ग. भोईर, कोन’. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला खोट सोडून दुसरं काही तू पाहिलंस का, असं आजवर एकदाही कोणी विचारलं नव्हतं.

आणि त्याला पुस्तकाची गरज तरी कुठे होती? जुलैत त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तळ्याच्या काठाला, बाभळीच्या कुंपणाआड, सफियाबी राहायची. तिच्या नवऱ्याची, गुलाम हुसेनची, तिथे चार लूमची शेड होती; सत्तर सालच्या दंगलीत ती जळाली, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत गुलाम हुसेनही गेला. जळक्या जागेवर तिने बदकं पाळली. अंडी विकायची. दंगलीनंतर त्या बाजूला जाणं लोकांनी सोडलं होतं. अनंता जायचा, कारण तिच्या अंगणातून तळं चांगलं दिसायचं. एवढंच कारण, असं तो घरी सांगायचा. तर जुलैत, तिथूनच, तिचा हिरव्या डोक्याचा नर त्याने पाहिला, भाकरीच्या तुकड्यांवर पोसलेला, ढुंगण जड झालेला. तो फतफत करत पाण्यात उतरला आणि त्याने एका रानटी मादीची मान चोचीत धरून तिला पार पाण्याखाली दाबलं. अनंताने दुर्बीण खाली घेतली होती. शिसारी आली होती त्याला—पोटातून, खरीखुरी. पण पुन्हा वर पाहिलं तेव्हा जे दिसलं त्याची शिसारी जास्त: मादी उडून गेली नव्हती. तिने पंख झाडले, दोन हात पुढे गेली आणि शेवाळ खायला लागली, जसं काही झालंच नाही.

सप्टेंबरात पिल्लं दिसली तेव्हा सफियाबीने बोट दाखवून त्याला सांगितलं होतं, ते एक बघा, ते अर्धं माझं हाय, अर्धं तळ्याचं. असं काही नसतं, सफियाबी, तो म्हणाला होता. अशा आवाजात, की तिने दाखवलेलं बोट खाली घेतलं.

साहेबांची फियाट साडेनऊला आली. पुढच्या दिव्यांवर लढाईतला काळा रंग अजून अर्धा तसाच होता. साहेब म्हातारे, बुटके, हाफ पँट, डोक्यावर कापडी टोपी. बोलणं इतकं मृदू की अनंताला पुढे वाकून ऐकावं लागत होतं, आणि असं वाकलेलं राहणं आपल्याला जमतंय, बरंच जमतंय, हे त्याच्या लक्षात आलं. होय साहेब. इकडून साहेब. जपून साहेब, चिखल आहे. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत होता—मुकादमापुढे नवे कामगार बोलतात तसा. साहेबांनी तिकाटण्यावर मोठी दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले की विचित्र आहे खरं. चित्रही उत्तम काढलंय तुम्ही, पण हातात घेतल्याशिवाय काही सांगता यायचं नाही.

चिंधू तयारच होता. तळ्यात मासे धरणारा माणूस; बदक धरायची जुनी रीत त्याला ठाऊक होती. गुरुवारपासूनच त्याने पाण्यावर चार-पाच मडकी पालथी सोडून ठेवली होती, बदकांना सवय व्हावी म्हणून. अनंतानेच सांगितलं होतं तसं. आता एक मडकं, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं, डोक्यावर घालून तो पाण्यात शिरला, आणि थोड्या वेळाने तळ्यावर नुसती मडकीच राहिली. त्यातलं एक, वारा नसताना, हळूहळू सरकत होतं.

चौदा बदकं बाजूला झाली. पंधरावं झालं नाही. ते मडक्याकडे वळलं... उलट त्याच्याकडेच आलं, मान वाकडी करून, भाकरी मिळेल म्हणून पाहिल्यासारखं. उड, अनंता मनात म्हणाला. उड ना मेल्या. आणि त्याच क्षणी त्याला असंही वाटत होतं की उडू नये, हाती लागावं, लवकर संपावं. बदक एकदम खाली गेलं, कोणी खालून ओढल्यासारखं. कोणी ओढलंच होतं. पाण्यावर चार बुडबुडे आले, चौदांनी आकाश भरलं, आणि चिंधू मडकं फेकून छातीएवढ्या पाण्यात उभा राहिला.

काठावर आणेपर्यंत त्याने बदक फडक्यात गुंडाळलं होतं. साहेबांनी ते हातात घेतलं, आणि त्यांचे हात इतके सवयीचे, इतके मायाळू होते की बदक शांत झालं. चोच उघडून पाहिली. पंख ताणून पाहिला. अंगठ्याने छातीची पिसं उलटी फिरवली. खाली गुलाबी, काटे आलेली कातडी दिसली आणि अनंताने मान फिरवली. मग शेपटीपाशी साहेब थांबले.

“भोईर, इथली दोन पिसं ओढाताणीत निघालीत. तुम्ही तीन महिने बघताय. ती वर वळलेली होती का? तशी असतील तर हे मिश्र आहे. सोडून देऊ. नसतील तर कातडं नमुना म्हणून न्यावं लागेल.”

बदकाचा डोळा तपकिरी होता. त्यावरून एक पातळ पांढरा पडदा आडवा गेला, परत आला. चिंधूने अनंताकडे पाहिलं. पिसं त्याच्याच मुठीत निघाली होती, ती कशी होती ते त्याला माहीत होतं. बोलायचं होतं ते अनंताने. एक अक्षर. हो म्हणायचं, की लगेच, मग चित्रात का नाही, हा प्रश्न. मी कापड तपासतो साहेब, माझ्या नजरेतून सुटत नाही काही... असंच लिहिलं होतं त्याने पत्रात, पहिल्याच ओळीत.

“नाही, साहेब,” तो म्हणाला. “सरळ होती.”

साहेबांनी मान हलवली. अंगठा एका पंखाखाली, दोन बोटं दुसऱ्या पंखाखाली घातली आणि छाती दाबून धरली. रक्त नाही, आवाज नाही. साहेब समोर तळ्याकडे बघत होते, कोणाची तरी वाट बघावी तसे. बदकाने चोच उघडली आणि ती उघडीच राहिली. पाय ताणले गेले, बोटांमधले नारिंगी पडदे छत्रीसारखे उघडले. साहेबांच्या बुटावर पातळ हिरवी विष्ठा पडली. मिनिटभर लागलं असेल. मिनिटभर अनंता ते बघत होता, आणि त्याला किळस येत होती ती नेमकी कशाची हे त्याला ठरवता येईना. बुटावरच्या घाणीची, साहेबांच्या शांत चेहऱ्याची, की अजूनही, अजूनही, ‘अ. ग. भोईर’ या अक्षरांचा आकार डोळ्यांपुढे येत होता त्याची.

मग साहेबांनी बदक गुडघ्यांवर पालथं ठेवलं आणि शेपटीच्या बुडाशी फुंकर मारली. पिसं दुभंगली. मुळाशी एक नवं पीस फुटत होतं, अजून निळसर आवरणात, दाण्याएवढं, आणि त्याचं काळं टोक वर वळलेलं होतं.

“हे बघा,” साहेब म्हणाले. “संकर आहे.”

इथे जवळपास कोणी बदकं पाळतं का, त्यांनी विचारलं. बाभळीच्या कुंपणामागून त्याच वेळी सफियाबीची बदकं एकदम ओरडली, सगळी मिळून, भांडी पडल्यासारखी. पाळत असतील, अनंता म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं, थोडा जास्तच वेळ. मग ते हसले आणि म्हणाले की वाईट वाटून घेऊ नका, चूक कोणाकडूनही होते; पाळीव रक्ताचं कातडं नेऊन मला उपयोग नाही, तुम्ही घरी न्या हवं तर, मांस बरं असतं. रुमालाने हात पुसले, डबा उघडला आणि उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. एक अंडं अनंतापुढे केलं. पुसलेल्या बोटांवर अजून एक बारीक पीस चिकटलेलं होतं. अनंताने अंडं घेतलं. खाल्लंही. पिवळा बलक टाळूला चिकटून बसला, जिभेने निघेना, आणि तो म्हणाला, छान आहे साहेब.

चूक म्हणाले ते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

साहेब गेले. चिंधू विडीचं बंडल घेऊन, वर न बघता गेला. अनंता एकटा उरला, हातात पिशवी, पिशवीत ते. अजून गरम होतं. कापडातून गरमपणा मांडीला लागत होता आणि तो पिशवी अंगापासून लांब धरून चालला होता, पोराची घाण झालेली चड्डी धरतात तशी. घरी नेणं शक्य नव्हतं. नाल्यात टाकावं... जांभळ्या फेसात, कोणाला दिसणार नाही. तो नाल्यापर्यंत गेला. वास आला, तेजाबाचा आणि कुजक्या खळीचा, आणि त्याला वाटलं आता ओकारी येणार. आली नाही. अंडं पोटात तसंच बसून राहिलं, दगडासारखं. त्याला एकदम दिसलं की या वासाची किळस, त्या नराची किळस, साहेबांच्या बोटांची किळस, ही सगळी तो किती आवडीने जपत आला होता. तांबड्या पेन्सिलीसारखी ती सतत त्याच्या हातात होती, आणि खूण करणाऱ्याच्या अंगावर कोणी खूण करत नाही.

त्याने पिशवी नाल्यात टाकली नाही. कुंपणाला वळसा घालून तो सफियाबीच्या अंगणात शिरला.

ती उंबऱ्यावर बसून बदकांसाठी कोंडा कालवत होती. त्याने पिशवी खाली ठेवली. काय आहे म्हणून तिने विचारलं नाही; कोंड्याचे हात पदराला पुसले, बदक बाहेर काढलं, मांडीवर घेतलं, मानेवरची पिसं वर करून पाहिली.

“सुरी न्हाय लागली,” ती म्हणाली.

मुंबईचे साहेब आले होते, दाबून मारलं, असं काहीतरी अनंताने सांगितलं. ते कोण, कशाला आले, पत्र, चित्र, सगळं सांगितलं, मधूनमधून गाळत. ती ऐकत होती. तिच्या बोटांनी बदकाची उघडी चोच मिटवली. ती पुन्हा उघडली. तिने पुन्हा मिटवली.

“मंग काय म्हनला तो, बघून?”

“अर्धं पाळीव आहे म्हणाले.”

 तिच्या पायांशी तो हिरव्या डोक्याचा नर कोंड्याच्या पाटीत चोच घालून बचाबचा खात होता. अनंताने त्याच्याकडे पाहिलं, आणि नेहमीची शिसारी येईल म्हणून थांबला. नर खात होता, एवढंच.

“ते तर मी सांगितलं व्हतं तुमाला, अनंताभाव.”

रागाने म्हणाली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. ती खरंच विचारात पडली होती. आपण सांगितलं होतं ते या माणसाला ऐकू गेलं नव्हतं की काय, असं.

“मला ठाऊक होतं,” अनंता म्हणाला. “तुम्ही सांगायच्या आधीच ठाऊक होतं. मी पाहिलं होतं. आजही त्यांनी विचारलं, हो म्हटलं असतं तर सोडणार होते. मी नाही म्हणालो.”

बोलून झाल्यावर त्याला वाटलं आता हलकं वाटेल. वाटलं नाही. सफियाबीने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या हातांकडे, आणि मग नजर काढून घेतली, पटकन, जशी आपण रस्त्यावर काही पडलेलं दिसलं की काढून घेतो. ती नजर त्याने ओळखली. गेली किती वर्षं ती त्याची स्वतःची होती. दुसऱ्याच्या डोळ्यांत तिला पाहायची वेळ आली नव्हती.

ती उठली. बदक उचलून घेतलं, दोन्ही हातांवर, आणि आत गेली. बसा म्हणाली नाही. जा म्हणाली नाही.

दर रविवारी ती बसा म्हणायची. बसा, चाय ठेवते. दीड वर्षात एकही रविवार चुकला नव्हता, आणि दीड वर्षात त्याने एकदाही त्या घरचा चहा घेतला नव्हता. आत्ताच घेतला, पोटाला पथ्य आहे, आज चतुर्थी, उशीर होतोय. एकदा तर शनिवारचा उपास त्याने रविवारी सांगितला होता आणि ती हसली होती. तिला कळत होतं. कपाची कड, त्या घरचं पाणी, त्या घरची जर्मनची किटली... त्याचं पोट आपोआप आक्रसायचं आणि तो त्याला पोटाचं दुखणं म्हणायचा, घरीही, मनातही. तरी ती विचारायची. का विचारत राहिली असेल ती? मी इतका स्वच्छ दिसत होतो का तिला?

आत भांड्याचा आवाज झाला. मग स्टोव्हला पंप मारल्याचा. सकाळची वेळ, चहा असेल. किंवा पाणी तापत असेल, पिसं काढायला. पण तिला ते खाता यायचं नाही, सुरी लागली नव्हती, हलाल नव्हतं. किंवा नुसतंच, तिचं तिच्यापुरतं काही. त्याला निघून जाता आलं असतं. फाटक उघडंच होतं, कोनला जाणारी बस येण्याची वेळ झाली होती, कमळा साहेब काय म्हणाले ते ऐकायला थांबली असेल. तो निघाला नाही. अंगणातल्या खाटेवर बसायची हिंमत झाली नाही म्हणून खाटेजवळच उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून पाठीमागे धरले. बलक अजून टाळूला होता. तहान लागली होती, नुसती तहान, घसा चिकटून जावा अशी. आणि ती बाहेर येईल तेव्हा तिच्या हातात काही असेल की नसेल, हे दाराकडे न बघता ऐकू येतं का, म्हणून तो कान देऊन उभा होता.